तिजोरी मी माझ्या मर्जीने घेतली

१७ ऑक्टोबर, सकाळ

मार्नीचा पिट्सबर्गहून फोन. डिसेंबरात तिचं बाळंतपण. तेवढे दिवस एफीला माझ्याकडे ठेवायचं म्हणते! नात सहा वर्षांची झाली, पण एकदाही सलग दोन रात्री माझ्याकडे राहिलेली नाही. मी वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो. बायको, लोरेन, गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि माझं मी तरी किती ऐकणार?

मग लेकीने शेपूट जोडलं. घरातल्या सगळ्या बंदुका कुलपात हव्यात. नाहीतर एफी ओहायोला रोझलिंडकडे जाईल.

रोझलिंड म्हणजे आमच्या विहीणबाई. जावयाची आई. बंदुकांवर कायदा कडक करा म्हणून नारिंगी टी-शर्ट घालून मोर्चाला जाणारी बाई. घरात तीन मांजरं. मुलांना डाळीचं सूप पाजते.

मी मार्नीला शांतपणे सांगितलं की चोर दारात उभा असताना मी किल्ली शोधत बसू का? पोलिसांना या खोऱ्यात पोचायला पाऊण तास लागतो. शांतपणे म्हणजे फोन आपटला. मग परत लावला आणि हवामानाबद्दल बोललो.

निश्चय : मोडेन पण वाकणार नाही.

१८ ऑक्टोबर

डेल्बर्टला सगळं सांगितलं. डेल्बर्ट माझा शेजारी, आणि शिकारीतला जोडीदार. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, अरे ऑर्विल, पण कुलूप लावायला तुझी हरकत काय आहे?

याच्याशी तत्त्वाचं बोलण्यात अर्थ नाही. शिवाय माझं छोटं पिस्तूल नेऊन चार वर्षं झाली, परत देत नाही. आजही आठवण करून दिली. आजही नेलंच नाही म्हणाला.

२६ ऑक्टोबर

एफीशी फोनवर बोललो. शाळेत काय चाललंय विचारलं. म्हणाली, बंदूकवाला माणूस आला तर वर्गाच्या कपाटात लपायचा सराव असतो, आणि आजोबा, सगळ्या वर्गात मीच सगळ्यात चूप बसते. बाईंनी स्टिकर दिला.

यावर माझ्याकडे फार चांगला मुद्दा आहे. फोनवर ऐन वेळी आठवला नाही.

अजून आठवलेला नाही.

२ नोव्हेंबर, दुपार

मार्नी आली. एकटीच. आठवा चालू आहे, तरी दोन तास गाडी हाकत आली. चर्चा करू म्हणाली. मी तयारच होतो. मी म्हणालो, बाई गं, तू याच घरात वाढलीस. बंदुका तेव्हाही होत्या. तुला कधी एक तरी दिसली का? मुलांना कळणारच नाही अशा जागी ठेवतो मी. ही माझी चाळीस वर्षांची शिस्त आहे.

तिने कपडे धुवायच्या खोलीतून प्लास्टिकची टोपली उचलली आणि घरभर फिरायला लागली.

वॉशिंग मशीनच्या मागची शॉटगन. पियानोच्या बाकातलं रिव्हॉल्व्हर. फ्रिजवर बिस्किटांच्या डब्यात एक. माझ्या पलंगाखालच्या बुटात एक. जिन्याच्या चौथ्या पायरीची फळी उचकटून एक. ही जागा लोरेनलासुद्धा माहीत नव्हती! मार्नी म्हणाली, आईला माहीत होती बाबा, मीच दाखवली होती. सात वर्षांची होते. सगळ्या जागा पाठ होत्या. मैत्रिणी आल्या की शोधाशोधीचा खेळ खेळायचो.

लांब बंदुका टोपलीत मावेनात, म्हणून सोफ्यावर मांडल्या. माझ्याकडे नऊ आहेत. सोफ्यावर आणि टोपलीत मिळून दहा भरल्या.

दहावं, लोरेनच्या शिवणयंत्राच्या खणातलं छोटं पिस्तूल. बॉबिनांच्या खाली. तिने उचललं, वळवून बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. भरलेलं होतं.

त्या खणात रंगीत बटणं आहेत. मागच्या उन्हाळ्यात एफी अर्धा दिवस त्यांच्याशी खेळत बसली होती.

मी गोळ्या काढल्या. एक हातातून निसटून जमिनीवर पडली. थंडी फार पडलीय यंदा.

नाही. घाबरलो होतो. एवढं एकदा लिहितो आणि पुढे जातो.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

मार्नी गेली. भांडली नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

डेल्बर्टला पिस्तुलाबद्दल सांगायची घाई नाही.

९ नोव्हेंबर

तिजोरी विकत घेतली. हा निर्णय सर्वस्वी माझा. आठवडाभर स्वतंत्रपणे विचार करून घेतला. दुकानातल्या पोराला स्पष्ट सांगितलं की चोरांसाठी घेतोय, लेकीने सांगितलं म्हणून नाही. त्याने विचारलं नव्हतं.

सरकारने तिजोरी घे म्हटलं असतं तर मरेपर्यंत घेतली नसती, ही गोष्ट वेगळी.

मॉडेल उत्तम. किल्ली नाही. किल्ली चोरीला जाते. एक तर आकडे दाबायचे, नाहीतर बोट टेकवायचं. दोन सेकंदांत दार उघडतं, म्हणजे चोराला काही बोलायची सवडच नाही.

डेल्बर्टने आणि मी ओढत बैठकीत आणली. त्याची पाठ धरली. माझीही, पण कमी. सगळ्या बंदुका आत ठेवताना त्याला ते पिस्तूल दिसलं. त्याने ते उचलून माझ्यासमोर धरलं. मी म्हणालो, आणून दिल्याबद्दल आभार. तो टोपी घालून निघून गेला. लोकांना विनोद कळत नाही.

१६ नोव्हेंबर

तिजोरीला माझं बोट कळत नाही. दहाही टेकवून पाहिली. लाल दिवा आणि चिडल्यासारखा आवाज. कंपनीला फोन केला. पोरगी म्हणाली, काका, काम काय करता? म्हटलं, जन्मभर गवंडीकाम केलं. तर म्हणते, सिमेंटने बोटांच्या रेषा गेल्यात तुमच्या. यंत्राच्या दृष्टीने तुम्हाला बोटंच नाहीत.

अर्ध्या जिल्ह्याचे पाये या बोटांनी घातलेत!

बिघडलं काही नाही. आकडे आहेत. लोरेनचा वाढदिवस ठेवलाय.

१९ नोव्हेंबर

मार्नीचा फोन. थँक्सगिव्हिंगला सगळे माझ्याकडे येणार. विहीणबाईसुद्धा. त्यानंतर एफी कुठे राहील ते ठरवू म्हणाली.

ठीक. येऊ दे बाईला. माझ्याच टेबलावर, माझ्याच टर्कीसमोर, या विषयाचा एकदाचा निकाल लावतो. मुद्दे काढायला घेतले. घटनेतलं बंदुकीच्या हक्काचं कलम पाठ करतोय. दाढी करताना म्हणतो, चुकत नाही.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग. जेवणानंतर

जिंकलो असं म्हणायला हरकत नाही.

प्रार्थना संपते न संपते तोच मी विषयाला हात घातला. म्हटलं, विहीणबाई, गाडीखाली माणसं मरतात, मग गाड्यांवर बंदी घालायची का? ती म्हणाली, छे हो, बंदी कशाला? गाडीसारखंच करा. परीक्षा, लायसन्स, नंबर, विमा, आणि रात्री किल्ली काढून घ्यायची. मी तिला क्रॅनबेरीचा सॉस दिला.

मग घटनेतलं कलम म्हणून दाखवलं. खडाखडा. ती म्हणाली, वा! पण सुरुवातीचा अर्धा भाग राहिला. आणि तिने तो म्हटला. शिस्तीत ठेवलेल्या नागरी सैन्याबद्दल काहीतरी आहे त्यात. मी सुरुवात जाणूनबुजून सोडली होती. जेवताना लांबण नको.

मग म्हटलं, माझा बाप खाणीत होता. संप व्हायचे तेव्हा आमच्या घरात मांस यायचं ते त्याच्या रायफलीमुळे. ती रायफल आजही माझ्याकडे आहे, आणि ती मी कुणाच्या बापाला देणार नाही. यावर ती म्हणाली, नकाच देऊ. कुणी मागितलीय? माझे वडीलही हरणं मारायचे. सोलायला मी बसायचे.

आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? समोरचा मैदान सोडून पळतो याला मी विजयच म्हणतो.

जावई एलियट मध्येच म्हणाला, बाबा, तिजोरी बघू की. सगळे बैठकीत. मी आकडे दाबायला पुढे झालो, तर मार्नी मागून म्हणाली, आईचा वाढदिवस असेल. आणि तिनेच दाबले. उघडली. चारचौघांत!

बोट टेकवून का उघडत नाही, असं एलियटने विचारलं. सांगितलं. एलियट म्हणाला, यंत्रच खराब असेल, आई, तू टेकव बरं. विहीणबाईंनी बोट टेकवलं. हिरवा दिवा. गोड आवाज. यंत्राने तिला मालक म्हणून नोंदवून घेतलं. लायब्ररीत नोकरी करून करून बोटं लोण्यासारखी राहिलीत बाईची. एफीने टाळ्या वाजवल्या.

तिचं बोट पुसून टाकायचं कसं ते पुस्तिकेत बघायला हवं. उद्या.

तेच, उशिरा

भोपळ्याचं गोड खाऊन सगळे पेंगत होते, तेव्हा आकडा बदलला. वाढदिवस नाही, घरनंबर नाही, कशाशी काही संबंध नाही. माझ्या लेकीला काय, लेकीच्या बापालाही सुचणार नाही असा. कुठेही लिहिलेला नाही. इथेही लिहिणार नाही. ही वही उद्या कुणाच्या हाती पडली तर?

सफरचंदाचा कडक सायडर चांगला होता. डेल्बर्टने पाठवलाय. म्हणजे राग गेला.

२९ नोव्हेंबर

विहीणबाई दुपारी ओहायोला गेल्या. मांजरं एकटी आहेत. जाताना माझ्याशी हस्तांदोलन केलं. बाकीचे रविवारपर्यंत आहेत.

उद्या हरणांचा हंगाम सुरू. शिकाऱ्यांनी घालायचं नारिंगी जाकीट काढून ठेवलं. बूट, थर्मास, सँडविचेस. पहाटे डेल्बर्टच्या गाडीतून वरच्या कड्यावर. सतराव्या वर्षापासून एकही पहिला दिवस चुकवलेला नाही. लग्न झालं त्या वर्षीसुद्धा नाही, लोरेनला विचारा. म्हणजे विचारता आलं असतं तर.

एफीचं मार्नीने अजून ठरवलेलं नाही. मी विचारलं नाही. मलाही स्वाभिमान आहे.

३० नोव्हेंबर, पहाटे

लाल दिवा.

आकडा सातने सुरू होतो. बहुतेक.

३० नोव्हेंबर, पहाटे, जरा नंतर

सातने सुरू होत नाही. चुकीचे आकडे फार झाले म्हणून यंत्र अर्धा तास रुसलंय. पडद्यावर तसं लिहून आलं.

डेल्बर्ट बाहेर हॉर्न वाजवतोय. बाहेर जाऊन सांगितलं. गाडीतल्या गाडीत इतका हसला की हॉर्न आपोआप वाजत राहिला. कुलूपवाल्याला बोलवू म्हटलं, तर तो डेल्बर्टच्या गाडीत मागच्या सीटवर नारिंगी टोपी घालून बसलेला. सोमवारनंतर बघू म्हणाला. डेल्बर्ट म्हणाला, चल, माझी जास्तीची रायफल देतो. मी नाही म्हणालो. बापाची रायफल आत असताना दुसऱ्याच्या वहाणेने विंचू मारणारा मी नाही.

गेले. मागचे लाल दिवे वळणापर्यंत दिसले.

३० नोव्हेंबर, सकाळ

जाकीट घालून तिजोरीसमोर बसलो होतो तेव्हा मार्नी पाणी प्यायला खाली आली. पोट धरून जिन्यातच थांबली. म्हणाली, बाबा, तुम्ही गेला नाहीत? मी म्हणालो, यंदा जायचं नाही असं ठरवलंय. ती म्हणाली, आकडा विसरलात. मी म्हणालो, विसरलो नाही, इतका सुरक्षित आहे की माझ्याही हाती लागत नाही.

ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. या अवस्थेत. मला वाटलं हसेल. ती रडायला लागली. म्हणाली, एफी राहू दे तुमच्याकडे. रविवारी तिला सोडूनच जाते. आता मला काळजी नाही. तिजोरी तुम्हाला उघडता यायची तोवर माझा जीव अडकला होता.

मला आनंद झाला. फार झाला. मग वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. अजूनही आनंद आहे, पण मघाइतका नाही.

वरच्या कड्यावरून गोळ्यांचे आवाज येतात. एफी उठली. तिच्यासाठी पॅनकेक केले. एक जळला, तो मी खाल्ला.

३० नोव्हेंबर, दुपार

हंगाम अजून दोन आठवडे आहे. त्यामुळे, पूर्णपणे माझ्या मर्जीने, ओहायोला फोन केला.

म्हटलं, विहीणबाई, जरा बोटाचं काम होतं.

बाई हसली नाही. हसायला हवं होतं. लायब्ररीतल्या आवाजात विचारलं, कुठली बंदूक हवी? मी सांगितलं. कशासाठी? सांगितलं. किती वेळ? अंधार पडायच्या आत परत ठेवेन म्हणालो. सध्या घरात कुणाशी भांडण, कुणावर राग? डेल्बर्टचं नाव तोंडावर आलं होतं. नाही म्हणालो. आपल्याला ओळखणारं कुणी जामीन राहील का? मार्नीला फोन दिला. ती आत जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलली.

फोन परत माझ्याकडे आला. विहीणबाई म्हणाल्या, बुधवारी येते. तोवर थांबा.

मी बरं म्हणालो.

मंजूर झालंय की नाही ते विचारायचं राहिलं.