बिब्याचा डाग

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ६.१०
संकल्प: महिनाअखेरपर्यंत शेलूबाजार व किन्हीराजा येथील प्रत्येक इच्छुकाची त्वचा तपासणे. साधन: मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेचे ॲप. तत्त्व सोपे आहे. यंत्राला हजारो डागांची छायाचित्रे दाखवून कोणता डाग निरुपद्रवी व कोणता कर्करोगाचा हे शिकवतात. मग नवा डाग दिसला की ते ताडून पाहते. अगदी हुशार विद्यार्थ्यासारखे. जे धड्यात नव्हते ते मात्र त्याला येत नाही. चौतीस वर्षे विज्ञान शिकवल्यावर असा विद्यार्थी लाभला.

पत्नी लिलाबाई म्हणाली की आधी सोताची टाच दाखवा. माझ्या टाचेवर काळा डाग आहे, पण तो बिब्याचा. गेल्या थंडीत टाच फुटली तेव्हा तिनेच बिबा तापवून त्याचे तेल भेगेत भरले होते. बिबा लागला की डाग पडतो, हे पहिलीतले पोरही सांगेल. विषय बंद.

५ नोव्हेंबर, बुधवार
तक्ता पूर्ण. पाच कसोट्या: दोन बाजू असमान, कडा वेडीवाकडी, रंग एकाहून अधिक, आकार पेन्सिलीच्या मागच्या टोकाहून मोठा, काळानुसार बदल. नमुना म्हणून माझ्याच डागाला लावून पाहिल्या. चार जुळल्या. यावरून सिद्ध झाले की या कसोट्या बिब्यासाठी नाहीत. तक्त्याखाली तशी टीप लिहावी.

९ नोव्हेंबर, रविवार
शेलूबाजारच्या बुद्धविहारात पहिले शिबिर. उपस्थिती एकेचाळीस. त्यांपैकी निम्मे लोक मोबाईल गोरे करतो का, हे विचारायला आलेले.

तांड्यावरच्या रुपाबाईंच्या हातावरील गोंदणावर ॲपने लाल खूण दिली. त्या म्हणाल्या, हे मायनं सातव्या वर्षी गोंदलं; तुमच्या फोनले गोंदण समजत नसन तर त्याले तांड्यावर शाळेत घाला. सभा हसली. मी शांतपणे स्पष्ट केले की दोष विद्यार्थ्याचा नसून पाठ्यपुस्तकाचा आहे: त्यात बहुतेक चित्रे गोऱ्या कातडीची.

माझी भाची पौर्णिमा आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिने सांगितले की ॲपचा शब्द शेवटचा नव्हे. आपल्या लोकांत हा आजार तळपाय, तळहात, नखांखालीही निघतो, तिथला नवा डाग डॉक्टरलाच दाखवावा. तिचे म्हणणे मी तिला वीस मिनिटे समजावून सांगितले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ३
मी वाचत असताना लिलाबाईने माझा पाय ओढून फोटो काढला. लाल. 'तज्ज्ञांना दाखवा.' प्रकाश अपुरा होता. अंगणात पुन्हा काढला. लाल. भिंग पुसून. लाल. असे सहा वेळा. सातव्या वेळी घाम टिपण्यासाठी टाचेवर थोडी पावडर लावली. हिरवा. विज्ञानात चिकाटी लागते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चहाच्या वेळी लिलाबाई म्हणाली, "सहा खेपा लाल, एक खेप हिरवा. शाळेत तर पोरांले सरासरी काढाले लावत व्हते ना तुमी?" मी उत्तर दिले की सरासरी समान परिस्थितीतील निरीक्षणांचीच काढतात, आणि सातव्या वेळी पावडर असल्याने परिस्थिती... येथे चहा निवत होता म्हणून थांबलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पौर्णिमाने अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. नाकारली. कारण तात्त्विक आहे. ज्याने तपासणी आणली तोच रांगेत उभा राहिला तर चळवळीची पत काय राहील? लिलाबाईने चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली ठेवली. ठेवू द्या. मी जाणार नाही.

डाग किंचित वाढल्यासारखा वाटतो. पेन्सिल बदलली असावी.

२३ नोव्हेंबर, रविवार
किन्हीराजा. दुसरे शिबिर. या घरगुती दबावाला जाहीर उत्तर देण्याचे ठरवले होते. व्यासपीठावर चप्पल काढली, पाय खुर्चीवर ठेवला आणि निरुपद्रवी डागाचा नमुना म्हणून सभेला दाखवला. रुपाबाई भावाकडे आल्या होत्या, मागच्या रांगेत बसलेल्या. त्यांनी विचारले, बिबा कधी लावला? मी म्हणालो, गेल्या थंडीत. त्या म्हणाल्या, बिब्याचं कातडं दोन महिन्यांत सोलून जाते गुरुजी, वरीसभर कुठं राह्यते?

मी बिब्याच्या रसायनाचे विवेचन सुरू केले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून लिलाबाई उठली. आवाज चढवला नाही.

"बिबा म्या डाव्या टाचेले लावला व्हता. हे उजवी हाय."

मी दुसरी चप्पल काढली. डावी टाच पाहिली. स्वच्छ होती.

आभार प्रदर्शन झाले नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
पहाटेच्या जीपने अकोला. लिलाबाईसोबत. चिठ्ठीला पीठ लागलेले. रांगेत त्रेसष्टावा क्रमांक.

डॉक्टरबाई तरुण. लहानसे भिंग लावून टाच बराच वेळ पाहिली. मी पाच कसोट्या सांगू लागलो. त्या म्हणाल्या, सर, पाय हलवू नका. आजच छोटा तुकडा काढायचा, अहवाल दहा दिवसांनी. काय निघेल ते आत्ता सांगता येणार नाही. पण आलात ते बरे केलेत, ॲपने लाल दाखवून भागत नाही, कोणीतरी इथवर यावे लागते. कोणी आणले, हे त्यांनी विचारले नाही.

सोबत तक्ता आणला होता. लिलाबाईने तो बाकावर उलटा अंथरून त्यावर भाकरी सोडली.

मग संमतीचा फॉर्म आला. नाव लिहिले. वय लिहिले. पुढचा रकाना: कोणता पाय.

पेन लिलाबाईकडे दिला.