मागच्या डाव्या चाकाची हवा

८ डिसेंबर २०२५, सोमवार

सकाळी गाडी चालू केली तर समोर पिवळा दिवा! मधी उद्गारचिन्ह. खाली इंग्रजीत — मागच्या डाव्या चाकात हवा कमी. उतरलो, लोखंडी टामी घेतली, चाक ठोकलं. आवाज बरोबर. उभी जिंदगी पाथरी डेपोची एसटी चालवली ती असं ठोकूनच. कुठलं चाक बसलंय ते डोळे झाकून सांगायचो. आता ही बॅटरीची बाहुली मला शिकवणार!

चहा पिऊन व्हायच्या आत मोबाईल वाजला. आदिनाथ. इथं गाडी चालू केली की तिकडं पुण्यात त्याच्या मोबाईलवर सगळं दिसतं. गाडी त्याचीच. लग्नाचं भांडण झालं तवा दारात सोडून गेला — "आईला दवाखान्याला लागंल." मी बी तवाच सांगितलं होतं — गाडीचं काय असंल तर फोन कर. दुसरं काय बोलायचं असंल तर ह्या घरात फोन करायचा न्हाई.

घरात मोबाईल एकच, तो माझ्या खिशात. नाव बघितलं आणि नर्मदाच्या हातात दिला. "घे. चाकाचं हाय, तुझ्या लेकाचं."

चाकाचं बोलायला बाईला किती वेळ लागावा? गाडीत जाऊन बसली, काचा वर केल्या, बोलायलीच बोलायली!

९ डिसेंबर

बालाजीच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. पंक्चर न्हाईच. "डायव्हर काका, थंडी पडली की हवा बसती. गाडी खरं बोलायलीय." चारी चाकं छत्तीस पौंड करून दिली. हा आदिनाथच्या वर्गातला. पैसे घेताना विचारतो, "आदिनाथ काय म्हणतो?"

मी म्हणलं, हवा कमी म्हणतो.

१६ डिसेंबर

परत मागचं डावं. परत फोन. परत ही गाडीत काचा लावून.

बालाजी डोकं खाजवायलाय. साबणाच्या पाण्यात चाक बुडवून बघितलं, एक बुडबुडा न्हाई.

१९ डिसेंबर

मानवतला गेलो होतो. धान्याच्या मोंढ्याच्या दारात नेमका दत्तराव! "काय किशनराव, बिनआवाजाची गाडी घेतली म्हणं. पोरानं लगीनबी बिनआवाजाचं उरकलं!" चार हमाल फिदीफिदी हसले. मी काच वर केली आणि निघालो.

दत्तरावच्या पोरीची सुपारी मी फोडली होती. चारचौघांत शब्द दिला होता. आणि आदिनाथनं पुण्यात कचेरीत जाऊन त्या दीपिकासंगं सह्या ठोकल्या. जात वेगळी, पात वेगळी — पण ते जाऊ द्या. माझ्या शब्दाची इज्जत काय राहिली? आदिनाथ म्हणतो, "अण्णा, मी आधीच नको म्हणलो होतो. तुमी ऐकून घेतलं न्हाई." म्हणला असंल. बापाला नको म्हणायची पद्धत आमच्यात कुठंय?

रस्ताभर डोकं तापलेलं. पार्लेची पुडी घेतली होती, ती तिथंच टपरीवर विसरून आलो.

२२ डिसेंबर

दिवा. फोन. आज काच थोडी खाली राहिली होती. मी गोठ्याकडं जायलो होतो. कानावर आलं —

"पाय सुजतेत का गं? कुशीवर निजत जाय. नववा हाय, आता जपून."

म्हणजे फोनवर लेक न्हाई. ती दीपिका हाय!

मागं फिरलो. गोठ्यात काय काम होतं तेच आठवंना. मला कुणी सांगितलं न्हाई. मी विचारलंबी न्हाई, ते खरं. पण माझ्या घरात, माझ्याच मोबाईलवर, मला चोरून आज्जीपणा चाललाय! रात्री भाकरी गोड लागली न्हाई.

२७ डिसेंबर, शनिवार

हिनं हट्ट धरला म्हणून पोखर्णीला नेलं. नरसिंहापुढं लय वेळ हात जोडून उभी. कशाला, ते मला मालूम. 

येताना सारखी त्या दिव्याच्या जागेकडं बघायली. एरवी गाडीत बसली की डोळा लागतो बाईचा. आज टक्क जागी. दिवा लागला न्हाई. घरी उतरताना तोंड एवढंसं.

३० डिसेंबर

सापडलं!

सकाळी ही सडा टाकायला गेली. मी खिडकीतून बघायलो. बादली ठेवली, इकडंतिकडं बघितलं, चाकापाशी उकिडवी बसली. केसातली पीन काढली, व्हॉल्वमधी दाबली. फुस्स्स! टोपण पदराला बांधलं. मग उठून शांतपणे सडा टाकला, रांगोळी काढली. रांगोळीबी नेहमीपेक्षा चांगली.

आणि मी खुळा! बालाजीला चार वेळा चाक खोलायला लावलं.

बोललो न्हाई. बोललो असतो तर ही रडली असती, आणि ही रडली की माझं काय चालत न्हाई. पण डोक्यात मुंग्या आल्या. लेकाचा फोन यावा म्हणून नवऱ्याला येडं बनवती व्हय? ठीक हाय. मीबी डायव्हर हाय.

३१ डिसेंबर

पायपंप आणला. पोत्याखाली लपवला.

३ जानेवारी २०२६

ती सोडती, ती चुलीपाशी गेली की मी भरतो. मगच गाडी चालू करतो. दिवा न्हाई. फोन न्हाई. मजा वाटली पाहिजे होती. गुडघे दुखतेत पंप मारून.

हिनं आज तीनदा विचारलं — "अहो, गाडी ठीक हाय ना?"

"झ्याक हाय."

७ जानेवारी

आता पुढची चाकंबी सोडायली. मीबी भरायलो.  जेवताना मीठ जास्त झालं तरी मी बोललो न्हाई, तिनंबी विचारलं न्हाई.

११ जानेवारी, रविवार

सकाळी मोबाईल वाजला. आदिनाथ! ही नदीवर धुणं घेऊन गेलेली. मी गाडीपाशी गेलो, बटण दाबलं. चारी चाकं हिरवी. छत्तीस, छत्तीस, छत्तीस, छत्तीस. मग फोन कशाला? ठरलंय ना आपलं? कापला.

परत आला. परत कापला.

तिसऱ्यांदा आला न्हाई. बापावरच गेलाय, तिसऱ्यांदा करणारच न्हाई.

१४ जानेवारी, संक्रांत

ही दोन दिवस झाले काळं झबलं शिवायलीय. एवढंसं! माझ्या पंजात मावंल. हलव्याचे दागिनेबी करून ठेवले डब्यात. मी विचारलं, "कुणाला?"

"असू द्या. पहिल्या संक्रांतीला लागतं लेकराला. ह्या वर्षी न्हाई तर पुढच्या."

मग तिळगूळ हातावर ठेवला आणि खाली मान घालून म्हणली, "अहो, फोन आल्ता का?"

"न्हाई."

खोटं बोललो आणि वर तिळगूळ खाल्ला. लाज वाटायला पाहिजे, किशनराव!

१९ जानेवारी

पंपाचा रबरी वायसर गेला म्हणून बालाजीकडं गेलो. मला बघितलं आणि गल्ल्यावरून उठूनच आला. "या या आजोबा! मला वाटलं पेढे घेऊन आलात! हात हालवीत आलात व्हय?"

मी म्हणलं, कसले पेढे?

तो हसायचा थांबला. मोबाईल काढून दाखवला. आदिनाथनं स्टेटसला ठेवलेला फोटो, ह्यानं जपून ठेवलेला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड. डोळे मिटलेले. कपाळ — कपाळ आमच्या घरातलं. पोरगी. खाली तारीख. अकरा जानेवारी.

अकराला मी काय करत होतो? चारी चाकं हिरवी बघत होतो.

बालाजीला कळलं असंल. बिचाऱ्यानं समोरच्या हॉटेलातून पेढा आणला आणि माझ्या हातावर ठेवला. खाल्ला न्हाई. कागदात बांधून खिशात ठेवला. मला तिच्या जन्माचा पेढा पंक्चरच्या दुकानात मिळाला. दत्तरावनं चारचौघांत अब्रू काढली म्हणून एवढा जळत बसलो. आज माझी अब्रू मीच काढली, आणि हसायला कुणी लागलं न्हाई.

घरी आलो. ही तांदूळ निवडायली. आठ दिवस झाले ही आज्जी झाली, आणि हिला मालूम न्हाई! सांगायला तोंड उघडलं. म्हणलं, भात जरा मऊ कर.

मग मागं गोठ्यात जाऊन आदिनाथचा नंबर काढला. दाबला. घंटी जायच्या आत कापला. काय म्हणू? "मी बाप बोलतोय"? जीभ रेटंना. माझ्या घरात फोन कसा करायचा, तो नियम मीच केलेला.

२० जानेवारी

सकाळी ही सडा टाकायला निघाली. मी तिच्या पुढं जाऊन चाकापाशी बसलो आणि हात पुढं केला. "पीन दे."

तिच्या हातातली बादली खाली पडली. पीन दिली.

चारी चाकांची हवा मी सोडली. गाडी चालू केली. चारी आकडे लाल, गाडी नुसती ओरडायली. पेढा हिच्या हातावर ठेवला, म्हणलं, पोरगी झाली. ही मटकन पायरीवरच बसली. मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला, म्हणलं, ह्या बारीला वाजला की मी उचलणार.

पेढा तसाच हातात हाय तिच्या. दुपार टळली. वाजला न्हाई.