पावाच्या बाळाचा उजवा हात

ती. एर्मिनियाताईस, धाकट्या फ्लोरेन्सियोचा कुस्कोहून शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत (मी सोडून, पण ते पुढे येईल). दाजींचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? तुझ्या स्वयंपाकघरातले गिनीपिग एव्हाना चांगलेच पोसले असतील. सर्व संतांच्या सणासाठी तू भट्टीतून पाठवलेलं पावाचं बाळ पोचलं. मातीचं रंगवलेलं तोंड, गुलाबी गाल, पोटावर घेतलेले हात! थेट आपल्या मामावर गेलंय.

बाळ हातात पडताच सुमाकने बाप्तिस्मा जाहीर केला. पोर पाच वर्षांची, पण मानकरी तिनेच नेमले. शेजारच्या हुस्ताबाई धर्ममाता, आणि पाद्री अर्थातच मी. (लुटुपुटूचा पाद्री माझ्यासारखा आख्ख्या गल्लीत कुणी करत नाही, हे तूही मान्य करशील.) लुर्देसचा काळा परकर गळ्यात अडकवला, लाल फूल चिचेत, म्हणजे आपल्या मक्याच्या दारूत, बुडवून शिंपडलं, आणि असं लॅटिन फेकलं की माझं मलाच कळेना. हुस्ताबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. सुमाक मात्र गंभीर. तिने बाळाचं नाव ठेवलं 'भाऊ'. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

बाप्तिस्मा झाला की बाळ मोडून सगळ्यांनी खायचं, ही रीत तुला मी काय सांगू! मी इतका रंगात आलो होतो की आमेन म्हणता म्हणताच उजवा हात मोडून तोंडात टाकला. (मऊसूत होता. बडीशेपही बेताची.) सुमाकने घर डोक्यावर घेतलं.

"बाबा, तू माझा भाऊ खाल्लास!"

"अगं वेडाबाई, पाव आहे तो."

"मग तू पण पाद्री नाहीस! परकर आईचाय!"

"बोला फादर, आता बोला," हुस्ताबाई म्हणाल्या. लुर्देस तर तोंडावर शाल दाबून आत पळाली.

मला टेबलाखाली कैद झाली. आज तिसरा दिवस. फक्त कामावर जायला सुटका मिळते. पण तू मुळीच काळजी करू नकोस, अशी पोरं मी चुटकीसरशी पटवतो. सर्वांना नमस्कार, दाजींना गुडघ्यासकट.

तुझा फ्लोरेन्सियो

ता. क. पटत नाहीये. एरवी मी दारात पाऊल टाकलं की ती मला कामाला लावायची, कधी घोडा, कधी बसचा ड्रायव्हर, कधी पोट दुखणारा म्हातारा. आता म्हणते, "कैद्यांना खेळायला घेत नाहीत." ताई, खरंच जिवाला लागतं गं. एक उजवा हात भाजून गुरुवारच्या बसने पाठव. हात बसला की मला सोडायचं तिने कबूल केलंय.

ता. क. दुसरा. हात दोन पाठव. आज मायलेकी बाजारात गेल्या, माझं जेवण विसरल्या, आणि माझ्यावर पहारा ठेवायला सुमाकने मोठ्या विश्वासाने बाळालाच बसवलं होतं.