पाच जणांत मिळून एक टेस्ट

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकताना हल्ली डाव्या गुडघ्यातून आवाज येतो, तोही नमस्कारातच धरावा.)

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. पोचलेल्या वस्तू येणेप्रमाणे: कापडी मास्क सहा, पैकी एकाची नाडी तुटलेली, सॅनिटायझरची बाटली एक, झाकण सैल, निम्मं बाटलीत आणि निम्मं मास्कांत, वाफ घ्यायचं यंत्र एक, वापरलेलं, आणि तुझ्या फोटोसकट वर्तमानपत्राचं कात्रण एक, ते मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडं ठणठणीत. पार्सलवर तिकिटं कमी लावली होतीस म्हणून पोस्टमननं दारात पंचेचाळीस मोजून घेतले. तक्रार नाही. वस्तू पोचली की काय पोचलं आणि किती पडले ते कळवावं, एवढीच आपल्या घरची पद्धत.

तुझी साखर ताब्यात असेल, वहिनींची कंबर जागेवर असेल आणि आईला रात्री झोप लागत असेल, असं रोज देवाकडे मागते. आम्ही दोघं ठीक. ह्यांचं वजन दोन किलोनं वाढलंय आणि मत रोज संध्याकाळच्या बातम्यांनंतर बदलतं. सोमवारी सगळे रस्ते खुले करा म्हणतात, मंगळवारी विमानतळच उखडून टाका म्हणतात. (विमानात आम्ही दोघंही आजवर बसलेलो नाही, त्यामुळे विमानतळाला त्याचं काही वाटणार नाही.)

आता कात्रणाबद्दल. ‘नातं सांगू नका, रिपोर्ट दाखवा’ हा मथळा तुझाच असणार, संपादकांना असं सुचत नाही. तुझ्या भाषेचा मला लहानपणापासून अभिमान आहे. मॅट्रिकचे माझे निबंध तूच तपासून दिलेस हेही मी विसरलेले नाही. पण दादा, बाहेरगावाहून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे ‘चालताबोलता धोका’ असं लिहिताना, बाहेरगावी आपलं कोण कोण राहतं याची मनातल्या मनात एकदा हजेरी तरी घ्यायचीस. चाळीस वर्षं वर्गात घेतलीसच ना? तुझ्या ह्या छापून आलेल्या पत्राला दुसऱ्या दिवशी कुणा बसमालकाचं उत्तर, तिसऱ्या दिवशी डॉक्टरचं, चौथ्या दिवशी परत तुझं. सगळं गाव चवीनं वाचतंय म्हणे. आणि जिला खरोखरच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचंय, तिला कुणी विचारलंय का? नाही. तिला वाफेचं यंत्र पाठवलंय.

तुला ठाऊक नसेल (किंवा असेल, आणि तू गप्प बसला असशील), गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला मी तुझ्या गावाच्या नाक्यापर्यंत येऊन परत गेले. दोन बस बदलून, मांडीवर पिशवी घेऊन, शेजारच्या सीटवर फुली मारलेली म्हणून तिथे पिशवीही न ठेवता. नाक्यावर तुझ्या गावबंदी समितीचा बांबू आडवा. बांबूला लाल फडकं. बांबूमागे खुर्चीवर तुझा एक स्वयंसेवक, पोस्टातून रिटायर झालेला, गळ्यात शिटी. मी म्हटलं, मी समितीच्या अध्यक्षांची सख्खी बहीण. तर म्हणतो कसा, “ताई, सकाळपासून अध्यक्षांच्या तिसऱ्या बहिणी तुम्ही. दोन मावश्याही येऊन गेल्या.” आणि मागच्या फळ्याकडे बोट. फळ्यावर हेच कात्रण, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून! तुझा फोटो माझ्याकडे बघत होता, दादा, आणि ओळख दाखवत नव्हता.

तिथून आपल्या घराची गच्ची दिसते. कठड्यावर आईची गोधडी वाळत घातली होती, ती हिरव्या काठाची, माझ्याच हातची. ती काढायला आई वर येते का बघत अर्धा तास उन्हात उभी राहिले. वहिनी आल्या. (मी हात केला. त्यांनी बघितलं नाही. चष्मा नसेल.) मग परतीची बस लागली.

आले कशाला होते, तेही लिहिते, कारण फोनवर हे बोलता येत नाही. फोन तू मोठ्या आवाजावर ठेवतोस आणि आई शेजारी बसलेली असते. त्याच्या मागच्या महिन्यात एका रविवारी तिनं मला विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मी म्हणजे कोण? म्हटलं, फोनमध्ये खरखर असेल. पुढच्या रविवारी तिनं मला ‘अहो’ म्हटलं. “अहो, घरी सगळे बरे आहेत ना?” पोटच्या पोरीला अहो. दादा, फोनमध्ये खरखर नाही. मी समोर बसले, तिचा हात हातात घेतला, तर आज ती मला ओळखेल. आणखी दोन महिन्यांनी ओळखेल की नाही, ते तुझ्या समितीच्या ठरावानं ठरणार नाही. तुम्ही दर पंधरा दिवसांनी बंदी पंधरा दिवस पुढे ढकलता. आईला कुठे ढकलू?

म्हणून मी ठरवलं की भावाला रिपोर्टच हवा ना, तर रिपोर्ट घेऊनच जाऊ. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला नुसतं विचारायला गेले की टेस्ट कुठे करतात, तर तो म्हणाला, “काकू, टेस्ट कशाला? नाव सांगा, वय सांगा, निगेटिव्ह काढून देतो. दोन मिनिटं. जोडीनं घेतलात तर काकांचा फुकट.” फुकट शब्द ऐकून मी क्षणभर थांबले हे खोटं सांगत नाही. पण खोट्या कागदावर शिक्का मारून आईच्या पाया पडायचं आणि मग त्याच हातांनी देवापुढे दिवा लावायचा, हे मला जमणार नव्हतं. त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले आणि पत्ता तेवढा घेतला.

टेस्ट शाळेच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये करतात. दारावर दरपत्रक. स्वतंत्र टेस्ट बाराशे. आणि त्याखाली, बारीक अक्षरात: ‘सामूहिक, पाच जणांत मिळून एक, प्रत्येकी तीनशे.’ आता तूच सांग, घर चालवणारी कुठली बाई हे वाचून बाराशेच्या रांगेत उभी राहील? बस पाच जणांत करतात, रिक्षा करतात, गॅसवाल्याचा टेम्पोसुद्धा आम्ही बिल्डिंगवाले मिळून बोलावतो. मला वाटलं, मशीन एकदा चालू करायचं भाडं असेल, ते वाटून घेतात. चारजणं आधीच थांबली होती: एक ट्रकड्रायव्हर, एक शिंपी, समारंभांचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर आणि परगावी परीक्षेला निघालेली एक मुलगी. त्यांना पाचवं माणूस हवंच होतं. मी गेल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या पोशाखातल्या माणसानं पाचही जणांच्या नाकात खोलवर काड्या फिरवल्या (माझ्या नाकात तर काहीतरी हरवलंय अशा थाटात) आणि पाची काड्या एकाच नळीत बुचकळल्या. एकाच नळीत! माझा संताप तिथेच सुरू व्हायला हवा होता. पण माझं लक्ष नऊशे वाचल्याकडे होतं.

दोन दिवसांनी फोन आला. तुमचा गट पॉझिटिव्ह. पाचही जणांनी परत या.

दादा, अकरा महिने मी दूधवाल्याशी दार न उघडता बोलते आहे. भाजी मीठपाण्यात, नोटा उन्हात, ह्यांचे बूट बाहेर आणि बऱ्याचदा हेही बाहेर. आणि मला गटात पॉझिटिव्ह? टेबलावरच्या कारकुनाला मी स्पष्ट विचारलं की मला रोग झालाय की नाही. तो म्हणाला, तसं सांगता येत नाही, नळीला झालाय. मग मी म्हटलं, ठीक आहे, पैसे पाचांत वाटले, तर रोगही पाचांत वाटा. चौदा दिवसांच्या विलगीकरणाला पाचानं भागलं की माझ्या वाट्याला येतात दोन दिवस, एकोणीस तास, बारा मिनिटं. पावणेतीन दिवस घरात बसून काढते, वर राहिली ती एक तास बारा मिनिटं पदरची घालते, आणि शनिवारी मला बसमध्ये बसू द्या. त्यानं माझं सगळं गणित शांतपणे ऐकून घेतलं, उलटून करून पाहिलं, बरोबर आहे म्हणाला. आणि मग म्हणाला, “पण तसा फॉर्म नाही, मावशी.” आता स्वतंत्र टेस्ट, प्रत्येकी बाराशे. म्हणजे तीनशे अधिक बाराशे. बेरीज तू करशील. मी केली आहे, पुन्हा करवत नाही.

पुन्हा काड्या फिरवून झाल्यावर बाहेर बाकावर आम्ही पाचजणं हातहात अंतर ठेवून बसलो आणि काय वाद जुंपला म्हणून सांगू! तुझं वर्तमानपत्र फिकं. ड्रायव्हर म्हणाला, सगळे नाके उचला. “माल आत घेतात, मला बाहेर ठेवतात. माल काय पायांनी जातो? माझं नाक आता सरकारजमा झालंय, दर नाक्यावर कोणीतरी काडी घालतं.” शिंपी म्हणाला, बंदी निदान वर्षभर राहू द्या, मास्कांवर घर चाललंय, लोक घराबाहेर पडले की तोंडं उघडी टाकतात. फोटोग्राफर म्हणाला, समारंभ होऊ द्या, दारात टेस्ट ठेवा, टेस्टचेही फोटो काढता येतील. मुलगी म्हणाली, मला काही मत नाही, मला सोमवारी पेपर आहे. मी चौघांनाही झाडलं. म्हटलं, तुम्ही सगळे आपापल्या पोटातून बोलता, ह्यात रोगाचा विचार कुणी केलाय का? तर ड्रायव्हर हसून म्हणाला, “आणि तुम्ही, काकू?” मी म्हटलं, मी आईसाठी बोलते. (तुझ्या पत्रात पोट नव्हतं हे मी मान्य करते. पेन्शन होतं.)

माझ्या मते रोग ड्रायव्हरचाच. गावोगाव फिरतो, पाच नाक्यांवर पाच जणांशी बोलतो. शिंपी दुसरा, तो टेपनं लोकांची तोंडं मोजतो. त्यांच्यापायी एका घरात बसलेल्या, नेमानं वागणाऱ्या बाईनं नळीत बुडायचं, आणि ज्या भावानं हा सगळा रिपोर्टांचा धंदा मथळा देऊन वर चढवला त्यानं गच्चीवर चहा प्यायचा, ह्याला न्याय म्हणत असतील तर म्हणोत. रागावून लिहिते आहे, पण खोडत नाही. कागद महाग झालाय.

वहिनींना नमस्कार. आईच्या पायांवर माझ्यातर्फे तू डोकं ठेव. तुझा फोटो चांगला आला आहे.

तुझी धाकटी

ताजा कलम (बुधवार): मूळ काम लिहायचंच राहिलं. नाक्यावरच्या तुझ्या माणसानं सांगितलं होतं की रिपोर्टाबरोबर घेणाऱ्या घरचं पत्रही लागतं: ‘सदर व्यक्तीस आम्ही आमच्या घरी वेगळ्या खोलीत ठेवून घेऊ’, खाली कुटुंबप्रमुखाची सही आणि समितीचा शिक्का. सही तुझी, शिक्काही तुझ्याच टेबलावर. भाऊ म्हणून नको देऊस, अध्यक्ष म्हणून दे. वेगळी खोली नसेल तर जिन्याखाली झोपेन. आईला फक्त दारातून दिसले तरी पुरे.

ताजा कलम दुसरा (गुरुवार सकाळ): आम्ही पाचांनी एकमेकांचे नंबर घेतले होते. मुलीचा फोन आला, निगेटिव्ह, पेपरला निघाली. शिंप्याचा आला, निगेटिव्ह. फोटोग्राफर निगेटिव्ह. आत्ता ड्रायव्हरचा आला, तोही निगेटिव्ह, ट्रक सुरू करूनच बोलत होता. “काळजी घ्या, काकू,” म्हणाला. मी विचारलं, कसली? त्यानं हॉर्न वाजवला आणि फोन ठेवला. माझा रिपोर्ट दुपारी येणार आहे. पाचातून चार वजा करायला मशीन लागत नाही, तरी मी वाट बघते आहे.

ताजा कलम तिसरा (गुरुवार संध्याकाळ): आला. माझाच होता.

यावरून तुझं पत्र बरोबर होतं असा अर्थ कुणी काढू नये. मथळा तर मुळीच नाही. मला काही होत नाहीये, थोडा घसा धरलाय. मी आतल्या खोलीत आहे आणि हे दाराबाहेरून ताट सरकवतात, पहिल्यांदाच. पण दुपारपासून एकच डोक्यात आहे. झेरॉक्सवाल्याचं ऐकलं असतं तर मी परवाच आईजवळ बसले असते, तिचा हात हातात घेऊन.

तेव्हा वर मागितलेलं पत्र आत्ता पाठवू नकोस. चौदा दिवस पूर्ण झाले, मी बरी झाले, की मग पाठव. आणि मी मला ओळखते, म्हणून लिहून ठेवते: त्याआधी मी नाक्यावर आले, रडले, भांडले, सख्खी बहीण म्हटलं, तर बांबू उचलू नकोस. आईला मी आजारी आहे हे सांगू नकोस. मात्र ह्या दिवसांत तिनं आपणहून माझी आठवण काढली, नावानं किंवा नुसतं ‘ती कुठे गेली’ असं जरी म्हटलं, तरी तिचे शब्द जसेच्या तसे, तुझी भाषा न घालता, लिहून काढ आणि उलट टपाली कळव. तिकिटं कमी पडली तरी चालतील, मी इकडे भरेन.