बेचाळीस कोट आणि एक ओळ

चि. खटपट्यास,

ताईचे आशीर्वाद. पत्र संपेपर्यंत ते टिकले तर तुझं नशीब. तुझी तब्येत कशी आहे, बायकोचा गुडघा काय म्हणतो, जिना उतरते का ती आता, का अजून दोरीला पिशवी बांधून वरूनच भाजी घेता? माझं बरं आहे. बरं म्हणजे कंबर धरलीय, डोळ्यांची आग होते आणि दिवसातून पाच वेळा तुझ्या नावानं कडाकडा बोटं मोडते, बाकी उत्तम. फोनच करणार होते, पण फोनवर तू "ताई, पडद्यावर काय आलंय ते वाच" म्हणतोस आणि माझी पहिली ओळ वाचून होईपर्यंत आपलं लहानपणापासूनचं सगळं निघतं. म्हणून कागद. कागदावर मला मधेच तोडता येत नाही.

आता तुझ्या त्या यंत्राबद्दल. माझा जुना कॉम्प्युटर मरायला टेकला होता हे खरं. मी दिसेल तिथं दाबते हेही खरं. पण म्हणून तू त्यातली चित्रंबित्रं सगळी काढलीस आणि नुसता काळा पडदा ठेवलास, त्यावर पांढऱ्या अक्षरांत टपाल. वर ऐटीत म्हणालास, "ताई, हे टर्मिनल. आता तुला चुकीचं काही दाबताच येणार नाही." बरोबरही काही दाबता येत नाही ते कोण सांगणार? पत्राला जोडून फाईल आली तर ती उघडायला तू एक चिठ्ठी लिहून आत ठेवलीस. (तू तिला शेल स्क्रिप्ट म्हणतोस. मी चौथी पास, मी चिठ्ठीच म्हणणार. कामाच्या बाईसाठी ओट्यावर ठेवतो तसलीच की ती, आधी हे कर, मग ते कर.) बाणानं पत्रावर जायचं, व्ही दाबायचं, फाईलवर जायचं, एंटर मारायचा, की चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे खिडकी उघडते आणि फाईल दिसते. चार महिने दिसली. खोटं कशाला बोलू.

मग आला इस्पितळाचा मेल. बेचाळीस सिस्टरचे पांढरे कोट, पंधरा दिवसांत, मापं सोबत जोडली आहेत. अंगाला नीट बसले तर वर्षभराचं काम आपलं. नाही बसले तर माझ्या काजबटणवालीला मी घरी बसवायची. (आठवते ना? तुझ्या शर्टाला उलट्या बाजूनं काजं करून दिलेली, तीच. आता सुधारलीय.) कारण हल्ली माझ्याकडे पडदे आणि उशांचे अभ्रे तेवढे येतात, आणि त्यांना काजं लागत नाहीत. तर मी एंटर मारला. खिडकी उघडली आणि मिटली. पापणी लवते तेवढीच. पुन्हा मारला, पुन्हा तेच. काजबटणवाली म्हणाली, लाजतंय. मी तिला म्हटलं, तू गप्प बस.

पण त्या लवण्यात एखादा आकडा दिसत होता. मग मी म्हटलं, एका वेळी एक तर एक. खिडकी दर वेळी एकाच जागी उघडते, म्हणून काचेवर मापाची टेप आडवी चिकटवली, टेपेच्या कडेला पहिली सिस्टर. एंटर, छाती. एंटर, कंबर. एंटर, उंची. एंटर, बाही. मी ओरडायचं, तिनं लिहायचं, मग टेप एक ओळ खाली. बेचाळीस बायका आणि प्रत्येकीचे चार आकडे, म्हणजे किती एंटर झाले ते तूच काढ, शिकलेला तू. दोन दिवस लागले. खिडकी (भिंतीतली, यंत्रातली नव्हे) उघडी होती आणि मी मोठमोठ्यानं "छाती चाळीस, कंबर छत्तीस" ओरडत होते, त्यामुळे समोरचा चष्मेवाला हल्ली मान खाली घालून जातो. सतराव्या सिस्टरच्या वेळी काजबटणवाली शिंकली, मी दचकले आणि टेप घसरली. तेव्हापासून मला संशय आहे की सतरावीच्या कोटाला अठरावीच्या बाह्या लागल्यात. ती म्हणते, नाही लागल्या. डोळे मिटून शिंकत होती, तिला काय कळणार.

कोट शिवले, इस्त्री केली, वेळेत नेऊन दिले. परवा त्यांचा मेल आला. आत एकच ओळ, निर्णय सोबत जोडला आहे. एंटर मारला. मला शिक्का दिसला, काजबटणवालीला सही दिसली. मधलं कोणालाच नाही. आकडा मला झटक्यात कळतो, जन्मभर टेपच धरलीय. वाक्य मी अक्षर लावून वाचते, ते पापणीत कसं मावणार? चाळीस वेळा केलं तेव्हा हाती आलं "आपण", "की" आणि दोनदा "कोट". यावरून काय समजायचं? इस्पितळात जाऊन आले. कारकून मान वर न करता म्हणाला, "मेल केलाय, वाचा." म्हटलं, उघडत नाही हो. म्हणाला, "आमच्याकडून उघडतो." असा राग आला, पण पांढऱ्या कोटांची जागा, परत फिरले. कोपऱ्यावरच्या दुकानात उघडून घेतलं असतं, पण पासवर्ड तुझ्या डोक्यात. (मी सगळ्यांना सांगेन म्हणून दिला नाहीस. बरोबर केलंस, सांगितला असता.) मोबाईल माझा बटणांचा.

तेव्हा सगळा दोष तुझ्या चिठ्ठीचा आहे. माझा टाका उसवला तर मी गिऱ्हाइकाच्या पोटाला बोल लावत नाही. तूही कबूल कर आणि मोकळा हो. तुझ्या बायकोला म्हणावं, गुडघ्याला शेक दे.

तुझी,
ताई

ता. क. चिठ्ठीतली एक ओळ मी काढली आहे. चिडू नकोस, आधी ऐक. तीन ओळी होत्या. फाईल उघड. दहा मिनिटं थांब. मग खिडकी मिट आणि उघडायला काढलेली फाईलची नक्कल पुसून टाक. (मी खिडक्या उघड्याच टाकते आणि यंत्र गुदमरतं, म्हणून तू ते केलंस, माहीत आहे.) पण ती दहा मिनिटं काळा पडदा ढिम्म बसायचा, दुसरं पत्र बघू देईना. दहा मिनिटांत माझ्या दोन बाह्या जोडून होतात. अक्षर मोठं करायला चिठ्ठीत कसं शिरायचं ते तूच शिकवलं होतंस. शिरले आणि मधली ओळ खोडली. म्हटलं, थांबणं गेलं की काम लवकर होईल. झालं.

ता. क. दुसरा. ओळ जपून ठेवली होती. कापायच्या टेबलावर, खडूनं. त्यावरच बेचाळीस कोट कापले.

ता. क. तिसरा. तर तू ये. काजबटणवालीनं परवापासून सुई खाली ठेवलीय. कळल्याशिवाय हातात घेणार नाही म्हणते आणि माझ्याकडे बघत बसते. ओळ परत घाल, पण वाचून दाखवायला जाऊ नकोस, मीच वाचणार. आणि दहाच्या जागी वीस मिनिटं घाल. थांबेन मी.