फक्त दोघांसाठी द्राक्षमळा

३ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी.

कल्पना काल द्राक्षं तोडताना सुचली. बेरूतची माणसं दर शनिवार-रविवार डोंगर ओलांडून आमच्या बेका खोऱ्यात येतात. बसमधून उतरतात, मोठ्या वाइनवाल्यांच्या तळघरात मेंढरांसारखी घुसतात, फोटो काढतात आणि जातात. आता यात प्रणय कुठे आला? जोडप्यांना काय हवं असतं? एकांत! हे झाहलेपासून बालबेकपर्यंत एकाही शहाण्याच्या डोक्यात आलेलं नाही. माझ्या आलं.

मळ्यातली माडीवरची खोली रिकामीच आहे. वडील तिथे द्राक्षांच्या राखणीला झोपायचे. रंग, नवी गादी, बस्स. दोन दिवसांची प्रणय-सहल. फक्त जोडप्यांसाठी.

नौहादला सांगितलं. ती म्हणाली, वदीह, बावीस तारखेला आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, आणि तू मला बात्रूनला समुद्रावर नेणार होतास. दोन दिवस, आपण दोघंच. लग्नाच्या वर्षीच कबूल केलं होतंस.

मी म्हटलं, अगं वेडे, समुद्रावरची माणसं एकांतासाठी इथे येणार, आणि तू इथून उठून समुद्रावर जाणार? ती द्राक्षांची टोपली उचलून आत गेली. पटलं असावं.

५ सप्टेंबर

जाहिरात लिहिली. घाम गाळून. "रोमन लोकांनी जिथे वाइनच्या देवाचं देऊळ बांधलं, त्याच मातीत. मावळता सूर्य, दोन पेले, आणि तुम्ही दोघंच. कोणीही त्रास देणार नाही याची खात्री." शेवटची ओळ मोठ्या अक्षरात.

नौहादने विचारलं, स्वयंपाक कोण करणार? काय हे प्रश्न! मी एवढ्या उंचीवरून विचार करतोय, आणि ही पातेल्यात.

८ सप्टेंबर, शनिवार

ही योजना गुपित ठेवायची असं पक्कं ठरवलं होतं. फक्त शेजारच्या अबू तौफिकला सांगितलं, कारण तो सकाळी कॉफीला येतोच, आणि कॉफीवर गप्प बसणं बरं दिसत नाही. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. माणसाच्या पोटात काही राहत नाही. (माझं म्हणणं अबू तौफिकबद्दल आहे.)

संध्याकाळी आमची मावशी, नाव तमाम, द्राक्षाच्या पानांच्या भात भरलेल्या गुंडाळ्या घेऊन हजर. मोठं पातेलं. पाहुण्यांसाठी म्हणे. मावशी, पाहुणे अजून ठरलेलेच नाहीत. तर म्हणाली, ठरले की कमी पडायला नकोत.

तिला एकांत म्हणजे काय ते समजावलं. अर्धा तास. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, का रे, त्यांच्या घरात कोणी गेलंय का? नाही मावशी. मग नातेवाईकांशी भांडलेत? नाही. मग बिचारी एकटी का बसणार?

डोकं धरून बसलो. या गावात नवं काही करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

११ सप्टेंबर

आलं! पहिलं बुकिंग! बेरूतचा गस्सान आणि त्याची मैत्रीण मिरेय. फोनवर गस्सानने तीनदा विचारलं, काका, खरंच कोणी नसेल ना? मी म्हटलं, बाळा, पाखरूसुद्धा विचारून येईल.

तारीख बावीस-तेवीस. योगायोग बघा, आमच्या लग्नाचाच दिवस! नौहादला म्हटलं, आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आपण प्रेमाच्या वातावरणात घालवू. ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. भरून आलं असणार.

१४ सप्टेंबर, क्रुसाचा सण

डोंगराडोंगरावर होळ्या पेटल्या होत्या. दृश्य असं, की मनात आलं, नौहादचा हात धरावा. पण आमच्या मध्ये अबू तौफिक उभा होता. त्याला सरक कसं म्हणणार, सणाच्या दिवशी.

परत येताना नौहाद म्हणाली, वदीह, शेवटचं विचारते. बात्रूनला येतोस? मी खोली बघून ठेवलीय, समुद्राकडे तोंड केलेली. पाहुण्यांना सांग पुढच्या आठवड्यात या.

मी म्हटलं, दिलेला शब्द मोडायचा? माझ्या तत्त्वात बसत नाही.

यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ठीक आहे. बाईचा हा समजूतदारपणा मला फार आवडतो.

१८ सप्टेंबर

मळ्यात अक्रोडाच्या झाडाला झोपाळा बांधला. दोघांसाठी. दोन माणसांचं वजन पेलतं का बघायला नौहादला हाक मारली. ती म्हणाली, मला भांडी आहेत. मग अबू तौफिक आणि मी बसलो. थोडा वेळ छान वाटलं. समोर मळा, डोंगर. मग दोर तुटला.

कंबर गेली. दोष दोरवाल्याचा. आजकाल कशातच दम राहिलेला नाही.

२१ सप्टेंबर

उद्या! निर्धार: किल्ली द्यायची, हसायचं, नाहीसं व्हायचं. तळहातावर पेनाने लिहून ठेवलंय: गप्प.

नौहाद सकाळपासून मांसाचे किब्बे वळतेय. मी म्हटलं, वा. ती म्हणाली, उद्या तुझ्या-माझ्या लग्नाचा दिवस आहे, आणि मी परक्या जोडप्यासाठी मांस कुटतेय. मी म्हटलं, परके कसे, पाहुणे आहेत. ती कुटत राहिली. जोरात.

२२ सप्टेंबर, शनिवार, दुपार

आले. गोड पोरं. किल्ली दिली आणि लगेच निघालो. म्हणजे कॉफी झाल्यावर. म्हणजे आजोबांनी हा मळा कसा लावला ते सांगून झाल्यावर. इतिहासाशिवाय प्रदेश कळत नाही. मिरेय डोळे मिटून ऐकत होती, इतकी रंगली.

गस्सानने मला बाजूला घेतलं. खिशात अंगठी! म्हणाला, काका, आज सूर्यास्ताला मागणी घालणार आहे. फक्त एक तास आम्हाला द्या. दोन वर्षं धीर गोळा करतोय. कोणाला बोलू नका.

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. जबाबदारी आहे.

(फक्त अबू तौफिकला सांगितलं, ते सुद्धा का, तर त्याने संध्याकाळी मळ्याकडे फिरकू नये म्हणून.)

२२ सप्टेंबर, जेवणानंतर

राग आवरून लिहितो.

सगळं ठरल्याप्रमाणे होतं. वेलीखाली टेबल. दोन खुर्च्या, दोन पेले, मेणबत्ती. मी वाढून निघून आलो. खरंच निघून आलो! दारापर्यंत पोचलो आणि पाय अडखळला. पाहुणे जेवतायत आणि यजमान पाठ करून चाललाय! जवळ कोणी घे म्हणणारं नाही, अजून थोडं म्हणणारं नाही. वडिलांनी हे बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. आमच्यात पाहुण्याला एकटं जेवायला सोडणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं.

म्हणून परत गेलो. पण खुर्चीवर बसलो नाही. द्राक्षांच्या खोक्यावर बसलो. म्हणजे टेबल दोघांचंच राहिलं. हा बारकावा कोणी लक्षात घेत नाही.

मग अबू तौफिक घरी गाळलेल्या अराकची बाटली घेऊन आला. त्याला मुद्दाम येऊ नको म्हणून सांगितलं, तर म्हणे, म्हणूनच आठवलं. मग तमाम मावशी, पानांचं पातेलं. मागून तिच्या दोन जावा. मग कोणाकोणाची पोरं. खोकी संपली. सूर्य कधी मावळला कळलं नाही, कारण समोर अबू तौफिक उभा राहून पाहुण्यांच्या आरोग्यासाठी पेला उचलत होता, आणि तो रुंद आहे.

आणि मग मावशीने मिरेयचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, अगं, अंगठी कुठाय? अजून दिली नाही का यानं? खिशात घेऊन फिरतोय म्हणे!

गस्सानचा चेहरा मला बघवला नाही. मिरेय उठली आणि थेट स्वयंपाकघरात नौहादकडे गेली. दोघी बराच वेळ आत होत्या. आधी कोणीतरी रडल्याचा आवाज. नंतर हसण्याचा. कोण रडलं, कोण हसलं, कळलं नाही. एकंदरीत वातावरण प्रेमाचं होतं असं म्हणायला हरकत नाही.

अबू तौफिकच्या पोटात काही राहत नाही हे मी आधीच लिहून ठेवलंय.

२३ सप्टेंबर, रविवार, सकाळ

काय चाललंय मला कळत नाही.

पाहुणे निघाले. सहलीचा एक दिवस बाकी असतानाच. गस्सान म्हणाला, काका, तुमचं प्रेम फार आहे, पण आम्ही जरा बात्रूनला जातो. मी म्हटलं, बात्रूनला काय ठेवलंय? तर म्हणाला, तिथे कोणी नाही, हेच.

गाडीजवळ गेलो तर मागच्या सीटवर नौहाद! निळा झगा, बॅग मांडीवर. मी म्हटलं, उतर, काय तमाशा आहे? तर म्हणाली, तमाशा कसला? पाहुण्यांना एकटं सोडणं आपल्यात बरं दिसत नाही ना? मी सोबत करते.

आणि गाडी गेली. गल्लीतल्या सगळ्यांनी हात हलवले. मीही हलवला, सवयीने.

२३ सप्टेंबर, दुपार

तिचा फोन. पोचली. दोन रात्रींची खोली तिने पंधरा दिवसांपूर्वीच स्वतःच्या नावावर ठरवली होती. म्हणाली, कालचा दिवस तुझ्या पाहुण्यांनी खाल्ला, तरी एक रात्र मी तुझ्यासाठी ठेवलीय. यायचं तर ये. पण वदीह, एकटा ये.

पंचवीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच.

निघतो. आत्ता. सदरा इस्त्रीचा. गेलो की तिला म्हणायचं: नौहाद, चुकलो. पाठ करतोय.

२३ सप्टेंबर, घाटात, पेट्रोल पंपावर

गाडीत आम्ही पाच जण आहोत.

मी काय करू? अबू तौफिककडे फक्त टायरात हवा भरायचा पंप मागायला गेलो. कुठे चाललास? बात्रून. अरे, मी समुद्र बघून किती वर्षं झाली! ओठावर "नाही" आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण तोंडातून निघालं, बसा ना. आमच्यात कोणी म्हटलं येतो, तर नाही म्हणायचा शब्दच शिकवत नाहीत. मग तमाम मावशी, तिला बघून तिच्या दोन्ही जावा. पातेलंही आहे. कालची पानं.

नौहादचा फोन आला. मी म्हटलं, हो, एकटाच. तेवढ्यात मागून मावशी ओरडली, अरे काच खाली कर, जीव गुदमरतोय. नौहादने विचारलं, कोण बोललं? मी म्हटलं, रेडिओ. ती म्हणाली, रेडिओला सांग, माझ्याकडे बाल्कनी आहे.

फोन ठेवला. रागावली नसावी. विनोद केला म्हणजे रागावलेली नाही.

२३ सप्टेंबर, बात्रून

नौहाद बाल्कनीतच उभी होती. निळा झगा, केस मोकळे. मी तिला केस मोकळे सोडलेलं शेवटचं कधी बघितलं आठवत नाही. आधी मी उतरलो. ती हसली, खरंच हसली. मग एकेक दार उघडत गेलं.

ती खाली आली. तमाम मावशीचे दोन्ही गाल चुंबले, जावांचे चुंबले, सगळ्यांना वर घेऊन गेली. म्हाताऱ्या माणसांना गाडीत कसं ठेवणार? पातेलंही वर गेलं. अबू तौफिकला म्हणाली, तुम्ही समोर चक्कर मारून या. माझ्याकडे वळून म्हणाली, एक शब्द सांगितला होता तुला. एकच.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. मी म्हटलं, मावशीला पाण्याजवळ थंडी वाजते, शाल दे तिला.

दार लागलं.

गस्सान आणि मिरेय दगडी भिंतीवर बसलेले दिसले. मिरेयच्या बोटात अंगठी. मनापासून आनंद झाला, हात हलवला, त्यांच्याकडे निघालो. त्यांनी मला बघितलं आणि उठून चालू लागले. चालू म्हणजे, जवळजवळ पळाले.

आता गाडीत बसून लिहितोय. वरून चौघींच्या हसण्याचा आवाज येतोय. नौहादचा आवाज ओळखू येतो. मला रडू येतंय, आणि इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. लग्नानंतर फिरायला गेलो तेव्हा आई सोबत होती. पोरगी झाली तेव्हा इस्पितळात अख्खी गल्ली होती. या बाईबरोबर मी एक दिवसही एकटा बसलो नाही. जाहिरात मात्र किती छान लिहिली.

ठरलं. आत्ता वर जायचं. एकट्याने. दार वाजवायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, नौहाद, चल, दोघंच जाऊ पाण्याकडे. बाकीच्यांना काय वाटायचं ते वाटो. वही ठेवतो.

काचेवर टकटक झाली. नौहाद!

अबू तौफिक होता. म्हणाला, अरे, गाडीत एकटाच काय बसलास, लोक काय म्हणतील? माणसाला असं एकटं सोडतात का? आणि दार उघडून शेजारी बसला. लिंबाचं सरबत आणलंय त्याने. सूर्य मावळतोय. दोन पेले, आणि आम्ही दोघंच.