राजीवलोचन आणि धोंडो

माधव नगर, उज्जैन
मार्च १९९४

प्रिय दादा,

नऊ महिन्यांचा असतानाच तू गेलास. मी अठ्ठावन्नचा झालो, तरी दादा तूच.

आईने तुझं नाव हौसेने राजीवलोचन ठेवलं होतं. इतक्या सुंदर नावालाच दृष्ट लागली, असं ती जन्मभर म्हणायची. म्हणून माझं नाव धोंडो. दगडाला यमही हात लावत नाही म्हणे! दफ्तरात मला सगळे ‘पत्थर बाबू’ म्हणत. लाजेने मी सहीसुद्धा नुसत्या आद्याक्षरांची केली.

आज नातवाचं बारसं झालं. सुनेने केबलवरच्या मालिकेतलं नाव निवडलंय, रुचिर. जेवणं झाल्यावर पाळण्यापाशी माझा डोळा लागला. तू आलास, अजून तेवढाच, रांगत, आणि पाळण्याखाली येऊन बसलास. जाग आली तेव्हा पाळणा आपला आपण हलत होता.

तुझं जेमतेम नऊ महिने वापरलेलं नाव याला द्यावं, असं कधीपासून मनात होतं. मी त्याच्या कानाशी वाकलो. रागावू नकोस, दादा. तुझं नाव ओठांवर आलं आणि मी घाबरलो.

हळूच म्हणालो, “धोंडो.”

तुझा धाकटा,
धोंडो विनायक मुंगी